सारंगखेड्याच्या बाजारात, घोड्याच्या पोटाखाली

इंदूरहून खान्देशात उतरायचे म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सेंधवा, बिजासन घाट आणि शिरपूर एवढेच येते. पुण्या-नाशिकच्या लग्नांना जायचा तो ठरलेला रस्ता. या मार्गशीर्षात आम्ही मात्र सेंधव्यालाच उजवीकडे वळलो. निवाली, पानसेमल, मग सरहद्दीवरचे खेतिया. तिथे पाट्यांवरची हिंदी संपते, मराठी सुरू होते, पण टपरीवरचा माणूस दोन्हींच्या मधलेच काहीतरी बोलतो, आणि ते आपल्याला अगदी घरचे वाटते. पुढे शहादा. दोन्ही अंगांना केळी, ऊस आणि पपईच्या बागा. शहाद्याहून अर्ध्या तासात तापीकाठचे सारंगखेडा. वाटेत दोन ठिकाणी चहा आणि एकदा पोहे धरून सहा-सात तास लागले.

सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचे देऊळ आहे. दत्तजयंतीला इथली यात्रा सुरू होते आणि तिच्याबरोबर भरतो घोड्यांचा बाजार. गेली काही वर्षे त्याला चेतक फेस्टिव्हल असे नाव मिळाले आहे. तंबू, स्पर्धा, रोषणाई सगळे असते. पण बाजार त्याच्या फार आधीपासूनचा. मारवाडी, काठेवाडी, सिंधी, पंजाबातले पांढरेशुभ्र नुकरे असे घोडे लांबलांबून ट्रकांत भरून येतात.

इंदूरकरांना या भागाशी आपले एक नाते आहे हे बहुधा आठवत नाही. शहाद्याच्या पश्चिमेला तळोदे आहे. सुभेदार मल्हारराव होळकर लहानपणी तिथेच आपल्या मामाकडे, भोजराज बारगळांकडे, वाढले आणि कदमबांड्यांच्या पथकात घोड्यावर बसले. राजवाडा, छत्र्या, लालबाग हे सगळे नंतरचे. त्याची सुरुवात या परिसरात, घोड्याच्या पाठीवर झाली. तळोद्याला जायचे आमचे राहिले, कारण बाजारातच एक वेगळे प्रकरण निघाले. तेच सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे. विषय जरा संकोचाचा आहे, पण अंक घरातले सगळे वाचतात हे लक्षात ठेवूनच लिहिते आहे. गाईम्हशींच्या कासेबद्दल आपण जेवतानाही बोलतो, मग याबद्दल बोलायला हरकत नसावी.

माझा भाचा इंदूरबाहेर मुलांना घोडेस्वारी शिकवतो. त्याच्याकडे नऊ घोडे आहेत, दहावा हवा होता. बरोबर त्याचे मोतद्दार होते. वय सत्तरीच्या आसपास, तरुणपणी लष्कराच्या पागेत काम केलेले, पागेतले सगळे त्यांना बाबा म्हणतात. मी निघाले ती केवळ यात्रा बघायला आणि सारंगखेड्याचा दत्त बघायला.

बाजारात घोडा कसा बघतात हे बघणे हीच एक करमणूक आहे. आधी तोंड उघडून दात, म्हणजे वय. मग अंगावरचे भोवरे. कुठला भोवरा शुभ, कुठला धन्याच्या मुळावर येणारा, यावर तासन् तास वाद चालतात. चारही पाय आणि तोंडावर पांढरे असेल तर तो पंचकल्याण, त्याचा भाव वेगळा. कानांची टोके एकमेकांना भिडतात का, खूर कसे आहेत, रेवाल चाल कशी आहे, रिकिबीत पाय ठेवताना बुजतो का. आयाळीला तेल, शेपटीला गोंडे, गळ्यात चांदीची माळ. खरारा तर दिवसातून दोनदा, अंग असे चकचकते की आपला चेहरा दिसावा. एका मारवाडी घोड्याच्या पापण्यांना सुरमा घातलेलाही मी पाहिला.

बाबा मात्र प्रत्येक घोड्यापाशी थोडे वाकून पोटाखाली बघत होते. मला आधी वाटले तंग नीट आवळला आहे का ते बघत असतील. पण खोगीर नसलेल्या घोड्यापाशीही तेच. शेवटी विचारले तेव्हा ते म्हणाले, "बाई, सगळे दाखवतात ते सगळेच बघतात. मी न दाखवलेले बघतो."

एका कडेला, फार गर्दी नव्हती तिथे, धुळ्याकडचा एक गाडीवाला आपला कुमैत घोडा घेऊन उभा होता. घोडा आखता, म्हणजे खच्ची केलेला. देशी घोडे आखता करायची आपल्याकडे फारशी चाल नाही, पण हा तरणा असताना गाडीला आवरत नव्हता म्हणून आधीच्या मालकाने करून घेतला होता. दातांवरून वय चौदाच्या घरात. स्वभाव गाईसारखा, पोरे पोटाखालून गेली तरी हलत नव्हता. स्वारी शिकवायला असाच घोडा लागतो. आणि किंमत ऐकून भाचा चमकलाच, कारण अशा घोड्याला ती फारच कमी होती.

मालकाने कारण लपवले नाही. घोड्याला मुतखडा आहे, म्हणाला. सारखा ताणून उभा राहतो, लघवी थेंबथेंब होते, चालताना मागचे पाय आखडतो. दोन वर्षे गावठी औषधे केली, कुळथाचे पाणी पाजले. आता गाडी ओढवत नाही आणि घरी बसवून खाऊ घालणे परवडत नाही. मुतखड्याचा खर्च परवडेल अशा कोणाकडे तरी जावा एवढीच इच्छा. भाच्याने हिशेब केला, इसार म्हणून थोडे पैसे हातावर ठेवले आणि दुपारनंतर सौदा पुरा करू असे ठरले.

बाबा तिथेच उकिडवे बसले आणि अर्धा तास उठले नाहीत.

घोडा लघवीला मागचे पाय मागे ताणूनच उभा राहतो, त्यात काही वावगे नाही. त्याची लघवी गढूळ, चुन्याच्या पाण्यासारखी असते, तेही निरोगीपणाचेच; नवख्याला पू वाटतो, पण ते चुनखडीचे बारीक कण असतात. बाबा बघत होते ती धार. हा घोडा ताणायचा, थांबायचा, पुन्हा ताणायचा, आणि आली तर धार सरळ न येता फवाऱ्यासारखी दोन बाजूंना फुटायची. शिवाय ते अंग पूर्ण बाहेर सोडतच नव्हता, पिशवीतूनच लघवी करत होता. पिशवीच्या तोंडाशी काळपट, मेणासारखे पापुद्रे चिकटलेले होते आणि आतल्या मांडीवरही ते वाळून बसले होते. बाबा उठले आणि भाच्याला म्हणाले, "भैया, हा मुतखडा नसणार. आत मळाचा गोळा असेल. डॉक्टरला दाखवू, मग घ्या."

इथे थोडे समजावून सांगते, कारण मलाही हे तिथेच समजले. यात्रेत पशुसंवर्धन खात्याचे डॉक्टर असतात. एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी ते मातीवर काडीने काढून दाखवले. घोड्याचे शिश्न तलवार म्यानात असावी तसे कातडीच्या पिशवीत असते आणि ही पिशवी एकेरी नाही, दुमडलेली असते. घोड्यात ही घडी दुहेरी आहे, म्हणून एवढे लांब अंग आत मावते. त्या घड्यांत तेलकट स्राव, झडलेली कातडी, धूळ हे सगळे साठते आणि त्याचा काळा-करडा मळ होतो. तो थोडा असणे हे नैसर्गिक आहे, किंबहुना कातडीला त्याचे संरक्षणच असते. पण शिश्नाच्या टोकाला, लघवीचे भोक असते त्याच्याभोवती एक खळगा असतो आणि त्यात वरच्या अंगाला एक लहानसा कप्पा. मळ तिथे गेला की बाहेर येत नाही, थरावर थर बसून त्याची घट्ट गुठळी होते. हरभऱ्याच्या दाण्यापासून अक्रोडाएवढी. इंग्रजीत तिला बीन म्हणतात. ती लघवीच्या नळीवर दाब देते. घोड्याला दुखते, पण सांगणार कसे? तो पाठ आखडतो, पाऊल आखूड टाकतो, कोणी पोटाशी हात नेला तर लाथ झाडतो. मालक म्हणतो घोडा बिघडला.

आखता घोड्यांत हे जास्त होते, कारण ते अंग पुरे बाहेर सोडण्याचे प्रसंग त्यांना कमी येतात. पण घोडा खच्ची नसला तरी सुटका आहेच असे नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी हातमोजा घालून मागून मूत्राशय चाचपले. घोड्यांना खरोखरचा मुतखडाही होतो, तेव्हा बाबांच्या अंदाजावर त्या विसंबल्या नाहीत. खडा लागला नाही. मग गुंगीचे इंजेक्शन दिले. पाच-दहा मिनिटांत घोड्याची मान खाली गेली, खालचा ओठ लोंबला आणि अंग आपोआप बाहेर आले. कोमट पाणी, कापूस आणि थोडे साधे तेल, लहान बाळाला लावतो तसले. घड्याघड्यांतून मळ भिजवून सोडवला. मग टोकाच्या खळग्यात बोट घालून हळूहळू फिरवले आणि एक गुठळी बाहेर आली. तिच्यामागून आणखी दोन लहान. मोठी गुठळी डॉक्टरीणबाईंनी मालकाच्या तळहातावर ठेवली. बोराएवढी, काळी, चेपली तर मेणासारखी. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

भोवती अर्थातच घोळका जमला होता. पोरांची खिदळाखिदळ, मोठ्यांचे टोमणे. दोन-चार जणांनी मला "ताई, तुम्ही तिकडे बसा ना" असेही सुचवले. मी दोन मुले वाढवली आहेत, सासऱ्यांचे आजारपण काढले आहे. मी तिथेच उभी राहिले. मात्र एक गोष्ट लक्षात आली. ज्यांनी सकाळपासून त्याच बाजारात शंभर घोड्यांचे जबडे उघडले होते, त्यांच्यापैकी एकालाही ही जागा बघायची असते हे ठाऊक नव्हते. ठाऊक असेल तर त्यांनी तसे बोलून दाखवले नाही. डॉक्टर या अर्थी आपल्याकडे सालोत्री हा जुना शब्द आहे, तो शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आला. घोड्यांच्या वैद्यकाची एवढी जुनी परंपरा, आणि रोजच्या खराऱ्यात मात्र हात पोटापाशी येऊन थांबतो.

गुंगी उतरल्यावर तासाभराने घोडा ताणून उभा राहिला आणि एकसंध, जाड धार लागली. संपेचना. शेजारच्या चहावाल्याला बाकडे उचलावे लागले. घोडा मग अंग झटकून कडब्याला लागला.

आणि मालकाने भाच्यापुढे इसाराचे पैसे धरले. "भाऊ, आता नाही विकायचा."

भाच्याचा चेहरा पडला. त्याचे म्हणणे अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही. इसार दिला म्हणजे शब्द दिला, आणि जुन्या रीतीने सौदा मोडणाऱ्याने इसाराच्या दुप्पट द्यायचे असतात. डॉक्टरकडे नेण्याची धडपड आमची, औषधाचे पैसे त्याने भरलेले. बाबांनी संध्याकाळपर्यंत तोंड मिटले असते तर घोडा आमच्या ट्रकात असता आणि हाच गोळा इंदुरात निघाला असता. भाचा ते बोललाही. बाबा म्हणाले, "तेव्हा मी त्या माणसाला काय सांगितले असते?" एवढेच बोलून ते पाण्याची बादली धुवायला लागले. भाच्याने पैसे घेतले, इसार तेवढाच, दुप्पट नाही. रात्री जेवताना तो फारसा बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दत्ताचे दर्शन घेऊन परत त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो, कारण माझे प्रश्न संपले नव्हते. आमच्या मंडळातल्या काही घरांतली मुले भाच्याकडे स्वारी शिकतात, एक-दोघांनी स्वतःचे घोडेही घेतले आहेत, त्यांच्या उपयोगाचे म्हणून लिहिते.

त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती मला उलटी वाटली होती. हे अंग वरचेवर धुवायचे नाही. कातडीवर नेहमीचे निरुपद्रवी जंतू राहतात, ते घातक जंतूंना जागा देत नाहीत. साबण, डेटॉल, फिनाइल, कपड्यांची पावडर यांनी ते मरतात, कातडी कोरडी पडते, सुजते आणि मग खरा रोग शिरतो. पैदाशीच्या घोड्याच्या बाबतीत तर जास्तच जपायचे. घरोघरी चालणारा हळदीचा लेपही नको. स्वच्छ कोमट पाणी, फार चिकट मळ असेल तर थोडे तेल लावून भिजू द्यायचे आणि नंतर सगळे नीट धुऊन काढायचे. काही घोड्यांना वर्षातून एकदा-दोनदा, काहींना त्याहून कमी, काहींना जन्मात लागत नाही. बघायचे मात्र नेहमी. खरारा करताना घोड्याने आपणहून अंग सोडले की नजर टाकायची, मोबाइल बाजूला ठेवून.

हात लावायचा तर कसा, हे बाबांनी दाखवले. घोड्याच्या खांद्याशी, त्याच्या अंगाला चिकटून, शेपटीकडे तोंड करून उभे राहायचे. एक हात पाठीवर, म्हणजे तो हलणार असेल तर आधी आपल्याला कळते. दुसरा हात पोटावरून हळूहळू मागे. मागच्या पायांच्या टप्प्यात डोके कधीही घालायचे नाही. हातमोजे घालायचे. पहिल्या दिवशी पिशवीला नुसता स्पर्श करून परतायचे, चौथ्या-पाचव्या दिवशी पाण्याचा कापूस. लहान मुलांनी हे करायचे नाही. घोडा मानत नसेल तर जबरदस्ती न करता डॉक्टरला बोलवायचे, आणि गुंगीचे औषध डॉक्टरनेच द्यायचे. काही गुंगीच्या औषधांनी अंग बाहेर लोंबते ते परत आत जातच नाही, सुजून जड होते. असे कोणत्याही कारणाने झाले, बाहेर आलेले अंग तासन् तास तसेच राहिले, तर सकाळपर्यंत थांबायचे नाही, त्याच रात्री डॉक्टर.

दौडताना पोटाखालून येणारा पकपक आवाज हा मळाचा असतो अशी एक समजूत आहे. तसे काही नाही. पोटाचे स्नायू ताणलेले असले की पिशवीत हवा खेळते, त्याचा तो आवाज.

पावसाळ्यात तिथल्या ओलीवर माश्या बसतात. त्यांच्यातून एका जंताच्या अळ्या कातडीत शिरतात आणि न भरणाऱ्या, खाजऱ्या जखमा होतात. जुने लोक त्याला बरसाती म्हणतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे, गुलाबी कातडीच्या घोड्यांत, विशेषतः वय झालेल्यांत, तिथे कर्करोग होऊ शकतो. सुरुवातीला नुसती चरचरीत पुटकुळी किंवा मोडासारखे काहीतरी असते. मळाखाली झाकलेले असले तर वर्ष-वर्ष कोणाला दिसत नाही. बाजारात सगळ्यात जास्त मिरवला जातो तो नुकरा, आणि त्याची कातडी नेमकी गुलाबी.

हे ऐकल्यावर बाबांनी भाच्याकडे पाहिले. आमच्या पागेतही एक नुकरा आहे. सतरा वर्षांचा, आखता, मुलांचा सगळ्यात लाडका; वाढदिवसाचे फोटो त्याच्याच पाठीवर.

दहावा घोडा न घेताच आम्ही परतलो. पुढच्या आठवड्यात भाच्याने डॉक्टरांना बोलावून सगळ्या नऊ जनावरांची तपासणी करून घेतली. घोड्या तीन, त्यांच्या कासेच्या दोन सडांमध्येही असाच मळ साठतो आणि त्या शेपटीची मुळे घासतात, हे तेव्हा कळले. सहा नरांपैकी दोघांत लहान गुठळ्या निघाल्या. त्यातला एक "चावरा" म्हणून बदनाम होता. तंग आवळताना तो चावायला येतो. त्याचे चावणे थांबले का, तर नाही, थोडे कमी झाले.

नुकऱ्याच्या मळाखाली मसुरीच्या डाळीएवढा एक खडबडीत ठिपका निघाला. डॉक्टरांनी तो कापून तपासायला पाठवला. अहवाल यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मुलांना फक्त एवढेच सांगितले होते की त्याला बरे नाही. मुले रोज गाजरे आणत होती. अहवालात कर्करोगाची सुरुवात असे आले, पण कडा स्वच्छ होत्या, सगळा भाग निघाला होता. आता दर तीन महिन्यांनी त्याला दाखवायचे आहे. पागेच्या वहीत नालबंदी, जंताचे औषध, धनुर्वाताची लस असे रकाने होते, त्यांच्या शेजारी बाबांनी आपल्या वळणदार अक्षरात आणखी एक रकाना आखला. वर काय लिहावे याचा त्यांनी जरा विचार केला आणि "पोटाखाली" असे लिहिले.